इलेक्ट्रॉनिक युद्ध (ईव्ह ऑनलाइन)

शत्रूचे जहाज न फोडता त्याला लढाईपुरते निकामी करून टाकण्याच्या तंत्रांना ‘ईव्ह ऑनलाइन’ या बहुखेळाडू अवकाशयुद्ध खेळात इलेक्ट्रॉनिक युद्ध म्हणतात. खेळाडूंच्या तोंडी ‘ई-वॉर’. रेक्याविक (आइसलँड) येथील सीसीपी गेम्स या कंपनीने हा खेळ ६ मे २००३ रोजी सुरू केला. त्यात फुटलेले जहाज कायमचे जाते, नवे विकत घ्यावे लागते. त्यामुळे काही सेकंदांची हतबलताही खिशाला लागते, आणि या तंत्रांच्या समतोलावरचे वाद इतके चिवट का, याचे कारण बरेचसे इथेच आहे.

वेग कमी करणारे ‘वेब’, पळवाट बंद करणारा ‘स्क्रॅम्बलर’, जहाजाची साठवलेली ऊर्जा नष्ट करणारा ‘न्यूट’ आणि नेमच धरू न देणारा ‘जॅमर’ ही यातली मुख्य हत्यारे. वेबचा प्रश्न आकड्यांनी सुटला. २००८ पर्यंत उत्तम प्रतीचे वेब लक्ष्याचा वेग ९० टक्क्यांनी घटवत असे, म्हणजे सापडलेले जहाज जवळजवळ जागीच खिळे. त्या वर्षीच्या फेरबदलात हे प्रमाण ६० टक्क्यांवर आणले गेले. त्याच वेळी स्क्रॅम्बलरला मात्र शत्रूचे ‘मायक्रोवार्पड्राइव्ह’, म्हणजे वेग अनेकपट वाढवणारे यंत्र, बंद पाडण्याची ताकद मिळाली. शिवाय एकाच जातीची उपकरणे एकावर एक लावली की दुसऱ्याचा परिणाम सुमारे ८७ टक्के, तिसऱ्याचा ५७ टक्केच उरतो. एका वेबने वेग ४० टक्क्यांवर येतो, दोनांनी १९ वर, तिसऱ्याने जेमतेम १३ वर. तिसरे वेब लावणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही.

जॅमरला हा उपाय लागू पडत नव्हता, कारण त्याचा परिणाम अंशांत मोजता येत नाही: लॉक, म्हणजे धरलेला नेम, एकतर राहतो, नाहीतर तुटतो. जॅमरची ताकद भागिले लक्ष्याच्या सेन्सरची ताकद, एवढी त्याची शक्यता. ४ ताकदीचा जॅमर १६ च्या सेन्सरवर दर फेरीला २५ टक्के वेळा लागतो. असे चार एकदम लावले की निदान एक लागण्याची शक्यता ६८ टक्क्यांवर जाते. लागला की २० सेकंद पडद्यावरच्या सगळ्या लक्ष्यांची चिन्हे गायब. तोफा भरलेल्या, शत्रू समोर, आणि कळ दाबून काही होत नाही. आधीच कामाला लागलेले ड्रोन तेवढे लढत राहतात. अदृश्य होऊन दबा धरणारे ‘फाल्कन’ हे जॅमरवाहू जहाज तर इतके बदनाम झाले, की कुठल्याही पराभवाचे कारण विचारले तर ‘बिकॉज ऑफ फाल्कन’ हे ठरलेले उत्तर झाले.

मोठ्या लढायांत सर्व्हरवरचा ताण वाढला की खेळातला काळच मंदावतो, कमाल मंदीत दहापट. २० सेकंदांची फेरी तेव्हा २०० सेकंद चालते. सव्वातीन मिनिटांहून जास्त वेळ नुसते बघत बसायचे. जानेवारी २०१४ मधली ‘बी-आर५आरबी’ या खेळातल्या तारामंडळातली लढाई अशाच संथ काळात २१ तास चालली आणि तीत ७५ टायटन, म्हणजे खेळातली सर्वांत मोठी जहाजे, फुटले. टायटनना तेव्हा जॅमरसारख्या बहुतांश इलेक्ट्रॉनिक हल्ल्यांपासून अभय होते; २०१६ च्या ‘सिटाडेल’ विस्तारात ते काढून त्याजागी तगडा प्रतिकार दिला गेला.

जॅमरवरचा खरा उतारा २०१८ च्या अखेरीस आला. शक्यतेचे सूत्र आणि २० सेकंद दोन्ही तसेच राहिले. फरक एवढाच, की जॅम झालेल्याला जॅम करणाऱ्यावर मात्र नेम धरता येऊ लागला. स्वस्त, पातळ कवचाच्या ‘ग्रिफिन’ या छोट्या जॅमरवाहू जहाजाला (फ्रिगेटला) याची किंमत मोजावी लागली: ज्याला जॅम करावे त्याच्या तोफा आपल्यावरच वळतात. दणकट जहाजाने याच नियमाचा उलटा फायदा घेतला, शत्रूचा मारा मुद्दाम अंगावर ओढून साथीदारांना वाचवता येऊ लागले. एकट्यादुकट्या झुंजीत हा बदल चोख ठरला. ताफ्यातल्या दुरुस्ती-जहाजांची, म्हणजे ‘लॉजी’ची, स्थिती मात्र फारशी बदललेली नाही. त्यांना लॉक हवा असतो तो मार खाणाऱ्या साथीदारावर. जॅम करणाऱ्या शत्रूवर नेम धरून त्यांनी दुरुस्त करायचे काय?