रिन टिन टिन की स्ट्राँगहार्ट? कुत्र्याऐवजी शेजारचा माणूस बघा

रिन टिन टिन आणि स्ट्राँगहार्ट हे मूकपटांतले दोन गाजलेले कुत्रे, दोघेही जर्मन शेफर्ड. दोघांच्याही गोष्टी बर्फाळ उत्तरेतल्या, आणि पडद्यावर दोघेही अर्धे लांडगे. मालवण-वेंगुर्ल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत अंगणात मूकपट लावायचा झाला, तर फलकावर नाव चुकायला एवढं पुरे. कृष्णधवल फोटोत कुत्र्याचा रंग ताडत बसू नका. सोबतचे कलाकार कोण ते बघा.

स्ट्राँगहार्ट वयाने मोठा. १९१७ साली जर्मनीत जन्मलेला, मूळ नाव एट्झेल फॉन ओरिंगेन, आणि सिनेमात आला तो पोलिसी शिक्षण घेऊनच. दिग्दर्शक लॉरेन्स ट्रिंबल याने त्याला कॅमेऱ्यासाठी तयार केलं. 'द सायलेंट कॉल' (१९२१) ने त्याचं नाव झालं. सोबत आयरीन रिच दिसली तर तो 'ब्रॉन ऑफ द नॉर्थ' (१९२२), लिलियन रिच दिसली तर 'द लव्ह मास्टर' (१९२४). आडनाव एक, बायका दोन.

रिन टिन टिन हे १९१८ साली फ्रान्सच्या युद्धभूमीवर ली डंकन या अमेरिकन सैनिकाला सापडलेलं पिल्लू. वॉर्नर ब्रदर्सचा 'व्हेअर द नॉर्थ बिगिन्स' (१९२३) त्याचा, त्यात क्लेअर अ‍ॅडम्स आहे. 'ब्रॉन ऑफ द नॉर्थ'च्या नावातही 'नॉर्थ' आहे, घोटाळा बहुतेक इथेच होतो. जून मार्लो दिसली की मात्र रिन टिन टिन समजायला हरकत नाही. तिने त्याच्यासोबत बरेच चित्रपट केले.

अंगणातल्या खेळाला आमची पसंती 'क्लॅश ऑफ द वुल्व्ज' (१९२५) ला. टोळीचा म्होरक्या लोबो, म्हणजे रिन टिन टिन, पंजात निवडुंगाचा काटा रुतून लंगडतो आणि चार्ल्स फॅरेल तो काटा काढतो. पुढे त्याला कुणी ओळखू नये म्हणून खोटी दाढी आणि पायांत कातडी बूट! स्ट्राँगहार्टच्या वाट्याला असला चावटपणा सहसा येत नाही.

या प्रसंगांत कुत्र्याची नजर टिपा. मूकपटाला ध्वनिमुद्रण नसे, त्यामुळे शिकवणारा चौकटीबाहेरून खुशाल मोठ्याने हुकूम देई. तो नटाच्या पाठीमागे, त्याच रेषेत उभा असेल तर कुत्रा नटाकडेच बघतोय असं वाटतं. जरा बाजूला सरकला की नट बोलतोय इकडे आणि कुत्रा बघतोय तिकडे. बोलपटाने ही सोय काढून घेतली. १९२९ मध्ये वॉर्नरने रिन टिन टिनला सोडलं. स्ट्राँगहार्ट त्याच वर्षी गेला.

खेळ लावताना वेग आधी तपासा. ३५ मिमी रुंदीच्या फिल्मचं १,००० फुटांचं रीळ सेकंदाला १८ चौकटींनी (म्हणजे १८ चित्रांनी) सुमारे १५ मिनिटं चालतं, २४ ने ११. संगणकावरची प्रत चुकीच्या वेगाने उतरवलेली असेल तर सगळे तुरुतुरु पळतात. अशा वेळी वेग ०.७५ वर आणून बघा, पण धावणारा कुत्रा फसवतो, माणसांची चाल बघून ठरवा.

साथीला दशावतारातले पेटी-पखवाजवाले मिळाले तर उत्तमच. त्यांना चित्रपट आदल्या दिवशी एकदा दाखवाच. काटा काढताना पखवाज थांबवून नुसती पेटी हवी. झांजा दाढीच्या प्रसंगासाठी राखून ठेवाव्यात.