भेंडी बाजारचं रिडेव्हलपमेंट आणि तळमजल्याचा गुंता

दक्षिण मुंबईतल्या भेंडी बाजारचं रिडेव्हलपमेंट म्हटलं की सगळे टॉवरचेच फोटो टाकतात, पण खरा गुंता तळमजल्यावर आहे आणि तो कळायचा तर बरंच मागे जावं लागतं.

'मिक्स्ड यूज' हा शब्द हल्लीचा. इथे शंभर वर्षांपासून खाली दुकान, वर बिऱ्हाड हेच चाललंय, कारण बंदर जवळ, क्रॉफर्ड मार्केट जवळ, मग कामासाठी आलेला माणूस राहणार कुठे, तर तिथेच वर. (नाव भेंडीच्या झाडांवरून पडलं म्हणतात, भाजीवरून नाही. इंग्रजांच्या 'बिहाइंड द बझार'चं भेंडी बाजार झालं असंही सांगतात, ती गोष्ट मला तरी ओढूनताणून वाटते.) तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात कधी बिजागऱ्या घ्यायला गेलात तर बघा, शेठ गल्ल्यावर, पोऱ्या शिडीवरून माळ्यावर, अर्धा माल बाहेर फुटपाथवर, आणि दुपारी शेठ दोन जिने चढला की घरी जेवायला हजर.

मग आला 1947 चा भाडे नियंत्रण कायदा. भाडी 1940 च्या पातळीवर गोठली ती गोठलीच, म्हणजे युद्धाच्या काळातली तात्पुरती सोय कायमची होऊन बसली. घरमालकाच्या हातात काहीच येईना, म्हणून तो रिपेअरला पैसे घालेना, आणि भाडेकरू एवढ्या स्वस्तातली जागा सोडून जाईल कशाला. खरा व्यवहार पागडीत, म्हणजे जागेचा ताबा घेताना दिलेल्या एकरकमी पैशात व्हायचा, जागा दुसऱ्याला देताना मालकाला त्यातला वाटा द्यायचा, पावती मात्र त्याच जुन्या भाड्याची. 1999 च्या कायद्याने या पागडीला रीतसर मान्यता दिली, पण तोवर इमारती पार पोखरल्या होत्या.

त्याआधी 1969 मध्ये सरकारने जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी रिपेअर बोर्ड काढलं, त्यासाठी सेस, म्हणजे जादा कर बसवला. तेव्हा यादीत 19,642 इमारती होत्या. बोर्डाने टेकू लावले, गर्डर टाकले, पण टेकू लावून जिन्याखालची गल्ली काही रुंद होत नाही. एकेक इमारत पाडून बांधायची तर प्लॉट एवढेसे, पार्किंग नाही, फायर ब्रिगेडची गाडी आत शिरत नाही, मग बिल्डर येणार कसा?

म्हणून 2009 मध्ये मुंबईच्या बांधकाम नियमावलीतल्या 33(9) या नियमात बदल झाला, क्लस्टर करा, म्हणजे आजूबाजूच्या इमारती एकत्र घेऊन बांधा, आणि 4 एफएसआय घ्या, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम; उपनगरं सोडून मुंबई शहरात किमान 4000 चौरस मीटर जागा हवी. त्याच वर्षी बोहरा समाजाच्या सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्टने साडेसोळा एकरांचा प्रोजेक्ट हातात घेतला. सुमारे 250 इमारती, 3200 कुटुंबं आणि 1250 दुकानं, म्हणजे साधारण दर अडीच घरांमागे एक दुकान! मधल्या काळात 31 ऑगस्ट 2017 ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी बिल्डिंग कोसळली, 33 माणसं गेली.

आता घरांचा हिशोब त्यामानाने सोपा, आधी खोली कितीही लहान असो, किमान 350 चौरस फूट आणि तेही मालकीचं. दुकानाला मात्र आहे तेवढीच जागा मिळते. आणि आहे तेवढी म्हणजे कागदावरची, फुटपाथवरचा माल कुठल्याच नकाशात नाही. धंदा तर निम्मा तिथेच होतो. शिवाय नवी इमारत होईपर्यंत बिऱ्हाड ट्रान्झिटला, म्हणजे तात्पुरत्या घरात, माझगावला हलवलं तर बस पकडून पोरं शाळेत जातात, गिऱ्हाईक मात्र दुकान शोधत माझगावला जात नाही, ते शेजारच्या गल्लीतल्या दुकानात जातं आणि तिथेच रमतं.

म्हणून दुकानदार विचारतो ते एफएसआयबद्दल नसतंच. तो विचारतो, माझं कोपऱ्याचं होतं, नव्या प्लॅनमध्ये रस्ते रुंद करून गल्ल्याच उडवल्या, तर माझा कोपरा कुठला?