पार्श्वभूमी : वाद्याआधी बांबूचा प्रश्न

हाताने घडवलेली वाद्यं, वाजवता वाजवता नाचणारे कलाकार, मागे पडद्यावर चालती चित्रं असा प्रयोग झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, मांडवात होणार म्हटलं, की शहरातली जाणती मंडळी लगेच त्याची वंशावळ परदेशात शोधतात. ती खोटी नाही. १९१३ मध्ये एका इटालियन चित्रकाराने गोंगाटालाही संगीतात जागा मागितली आणि त्यासाठी कर्णे बसवलेली खोकी स्वतः बांधली. १९४० मध्ये एका अमेरिकी संगीतकाराला नृत्याच्या साथीला तालवाद्यांचा ताफा हवा होता, पण जागा नव्हती. त्याने पियानोच्या तारांतच बोल्ट-स्क्रू खोचले. १९६९ मध्ये अहमदाबादच्या एका डिझाइन संस्थेत इलेक्ट्रॉनिक ध्वनीचा स्टुडिओ उभा राहिला आणि काही वर्षांतच थंडावला. पण वडसा, धानोरा, सिंदेवाहीकडच्या मांडवात काय वाजणार, हे यातल्या कुणीच ठरवलेलं नाही. ते ठरलं बांबू कुणाचा, या भांडणातून.

इथे मुख्यतः दोन जाती. मानवेल जवळजवळ भरीव. काठी, टिपरी, तुणतुण्याची दांडी त्याची. पोकळ नाद हवा तर कटांगच. त्याची नळी कापताना खालचं पेर शाबूत ठेवतात, वरचं तोंड उघडं, आणि बूड जमिनीवर आपटतात. नळी लांब तेवढा स्वर खाली. ओली असताना ती दबकी बोलते, वाळली की खुलते, उन्हात तडकली की चुलीत जाते. म्हणजे एक संच जमायला पाच-पन्नास नळ्या फुकट घालवण्याची मोकळीक लागते, आणि नेमकी तीच जंगलाशेजारच्या माणसाला नव्हती.

१९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडांत बसवलं. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणतं, पण खटला भरताना शास्त्र कोण विचारतो! कागद गिरणीला सवलतीच्या दराने ट्रकच्या ट्रक बांबू जात असताना गावकऱ्याने डोक्यावरून आणलेली मोळी मात्र गुन्हा ठरू शके. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात, म्हणजे गावकऱ्यांना जंगलातून गोळा करून विकता येणाऱ्या मालात, घातला, तरी पेच सुटला नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या लेखा-मेंढा गावाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू तोडता येईल, पण वाहतूक परवाना देणार कोण? परवाना नसेल तर गावाबाहेर बांबू नेताच येत नाही, मग हक्क घेऊन करायचं काय? एप्रिल २०११ मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. वनखात्याची बाजू अशी, की मोकळीक दिली तर बेटंच्या बेटं साफ होतील. ही भीती अगदीच पोकळ नसेल, पण इतकी वर्षं बेटं साफ करत कोण होतं, याचा हिशोब त्यात कधी मांडला गेला नाही. जंगलाबाहेरच्या, शेताच्या बांधावरच्या बांबूला तर झाडाच्या व्याख्येतून सुटायला २०१७ उजाडलं.

कातड्याचंही थोडंफार तसंच. खंजिरी-दिमडीला घोरपडीचं कातडं चढवत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बाद झालं, आणि ते योग्यच. आता बकरीचं किंवा सरळ प्लास्टिकचं. प्लास्टिक पावसात उतरत नाही, पण त्याला घुमाराही नाही. म्हणून पितळी चकतीचा छोटा पिझो, म्हणजे कंपनं टिपणारा मायक्रोफोनसारखा तुकडा, मेणाने चिकटवून आवाज स्पीकरवर घेतात. दंडार या इथल्या लोकनाट्यातल्या जुन्या माणसांना हे खपत नाही. त्याच माणसांच्या डोळ्यांदेखत झाडीपट्टीच्या नाटकात तबल्याशेजारी ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य आलं आणि रुळलं. नाचत वाजवणं मात्र कुणाला खटकत नाही. दंडारीत काय, माडिया आदिवासींच्या रेला नृत्यात काय, गळा आणि पाय वेगळे काढताच येत नाहीत.

शेवटची अडचण वेळेची. भाताची कापणी-मळणी उरकली की इथला हंगाम सुरू होतो, आणि इथला प्रेक्षक जेवणखाण आटोपून रात्रभर बसायला येतो. २००० च्या ध्वनी नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. नाटकवाले यातून कशीबशी वाट काढतात. नव्या प्रयोगवाल्यांना ती जमत नाही. पडद्याला अंधार हवा, म्हणून साडेसहाच्या आत सुरू करता येत नाही, आणि स्पीकर दहाला बंद. गाव जेवून येईस्तोवर यांचा अर्धा कार्यक्रम झालेला असतो.