जीपीएल की एलजीपीएल? विंडोजचा सेटअप बांधण्याआधी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका चादर कारखानदारांसाठी मी जॅकार्ड मागावर विणायच्या नक्षीचं सॉफ्टवेअर लिनक्सवरून विंडोजवर नेत होतो. मूळ प्रोग्रॅम माझाच, पण आत चार-पाच ओपन सोर्स लायब्ऱ्या, म्हणजे इतरांनी लिहून खुले ठेवलेले तयार कोडचे संच. मालकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "सिस्टीम बदलली म्हणजे जुनं लायसन्सही सुटलं ना?"

नाही सुटत. मराठी कादंबरी तेलुगूत नेली तरी मूळ लेखकाचा हक्क राहतोच. आपला १९५७चा कॉपीराइट कायदाही संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीतच धरतो. कोड विंडोजसाठी कितीही बदला, त्याचं लायसन्स त्याच्यासोबत येतं.

खरा घोळ पुढे होतो, तो जीपीएल आणि एलजीपीएल या ओपन सोर्सच्या दोन लायसन्सांच्या नावांचा. जीपीएलचा कोड तुमच्या प्रोग्रॅममध्ये जोडला आणि तो प्रोग्रॅम दुसऱ्याला दिला, तर अख्ख्या प्रोग्रॅमचा सोर्स, म्हणजे लिहिलेला मूळ कोड, त्याच अटींवर द्यावा लागतो. एलजीपीएलमध्ये फक्त त्या लायब्ररीचा सोर्स आणि तिच्यात तुम्ही केलेले बदल द्यायचे. तुमचा स्वतःचा कोड बंद, म्हणजे कुणाला न दाखवलेला, राहू शकतो. मुख्य अट अशी, की घेणाऱ्याला ती लायब्ररी बदलून दुसरी आवृत्ती बसवता आली पाहिजे.

१९९१ साली आलेल्या एलजीपीएलमधला 'एल' लायब्ररीचाच होता. १९९९मध्ये २.१ आवृत्तीत त्याचं 'लेसर' (इंग्रजीतला 'कमी') झालं. त्यामुळे "लायब्ररी आहे, म्हणजे एलजीपीएलच असणार" असं अनेकजण गृहीत धरतात. टाइप केलेली ओळ वाचणारी रीडलाइन ही लायब्ररीच आहे, पण तिचं लायसन्स पूर्ण जीपीएल. नावावर जाऊ नका, सोर्ससोबतची लायसन्सची फाइल उघडून वाचा.

आता पोर्टिंगमध्येच, म्हणजे प्रोग्रॅम एका सिस्टीमवरून दुसरीवर नेताना, हा फरक का बोचतो ते सांगतो, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लिनक्सवर लायब्ररी बहुधा डिस्ट्रोच्या, म्हणजे लिनक्सचा तयार संच देणाऱ्यांच्या, भांडारातून येते. ती वाटणारे ते, सोर्स उपलब्ध ठेवणारेही तेच. आपण फक्त आपला प्रोग्रॅम देतो. विंडोजवर मात्र सगळ्या डीएलएल (लायब्ऱ्यांच्या वेगळ्या फाइली) आपणच सेटअपमध्ये भरतो. त्या क्षणी त्या लायब्ऱ्यांचे वाटप करणारे आपण होतो. काल डिस्ट्रोवर असलेली जबाबदारी आज आपल्या पेनड्राइव्हवर येते. त्यातून सगळं एकाच एक्सई फाइलमध्ये स्टॅटिक, म्हणजे कायमचं आत, जोडलं, तर एलजीपीएलची 'बदलता आली पाहिजे' ही अट पाळायला आपल्या ऑब्जेक्ट फाइली (जोडण्याआधीचे प्रोग्रॅमचे तयार तुकडे) तरी द्याव्या लागतात. म्हणून डीएलएल वेगळ्याच ठेवाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

विंडोजच्या स्वतःच्या बंद डीएलएलची काळजी नको. सिस्टीमच्या मूळ भागांना जीपीएलमध्येच सूट आहे.

सिस्टीमनुसार लायसन्स बदलल्याचं उदाहरण हवं तर क्यूट (Qt) पाहा, प्रोग्रॅमच्या खिडक्या-बटणं बनवणारी लायब्ररी. लिनक्सवर ती २००० साली जीपीएलखाली आली, विंडोजवर थेट २००५मध्ये, चौथ्या आवृत्तीसोबत. एलजीपीएलचा पर्याय मिळाला २००९मध्ये. तरी आजही आलेख काढणाऱ्या क्यूट चार्ट्ससारखे काही भाग विकत घेतले नाहीत तर फक्त जीपीएलमध्येच मिळतात. व्हिडिओ-आवाज हाताळणारं एफएफएमपेग मुळात एलजीपीएल, पण बांधताना एक्स२६४ हा व्हिडिओ आवळणारा जीपीएल कोड आत घेतला की सगळंच जीपीएल होतं. विंडोजसाठी तयार बांधलेली फाइल उतरवताना ती कोणत्या पर्यायांनी बांधली आहे हे तपासा. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर तर २०११च्या जानेवारीत जीपीएलच्या वादावरून ॲपलच्या ॲप स्टोअरमधून काढला गेला. मग त्यांनी इंजिनाचं लायसन्स एलजीपीएल केलं, त्यासाठी कोड लिहिणाऱ्यांची संमती गोळा केली, आणि २०१३मध्ये तो आयफोनवर परत आला.

मालकांची भीती वेगळीच होती: "जीपीएल घेतलं तर माझ्या मोराच्या नक्ष्या सगळ्या गावाला द्यायच्या?" मुळीच नाही. प्रोग्रॅमवर काढलेली नक्षी तुमची. लायसन्स कोडचं असतं. शिवाय प्रोग्रॅम फक्त स्वतःच्या कारखान्यात वापरला तर सोर्स बाहेर द्यायचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्याला दिला, तर सोर्स त्या घेणाऱ्याला द्यायचा, आणि तो सेटअपसोबतच दिला की काम संपलं. पैसे घ्यायलाही बंदी नाही. पण घेणाऱ्याने तो पुढे कुणाला दिला तर अडवता येत नाही.

त्यांना मात्र हे सॉफ्टवेअर पूर्व भागातल्या इतर कारखानदारांना विकायचं होतं, आणि माझा कोड बंद ठेवायचा होता. मग उत्पादनाचा आलेख क्यूट चार्ट्सवर होता तो मी काढला आणि क्यूटच्या साध्या रेखाटनाने स्वतः लिहिला. दोन दिवस गेले. क्यूटच्या डीएलएल सेटअपमध्ये वेगळ्या ठेवल्या, त्याच आवृत्तीचा सोर्स आणि लायसन्सचा मजकूर एका फोल्डरमध्ये घातला, आणि प्रोग्रॅमच्या माहितीच्या खिडकीत क्यूट एलजीपीएलखाली वापरल्याचं लिहिलं. पहिला सेटअप गेला त्या पेनड्राइव्हवर ते फोल्डरही होतं.