गेम कन्सोल इमारतीच्या सामाईक इंटरनेटला जोडताना

मोबाईल जोडला, लॅपटॉप जोडला, दोन्ही लगेच चालू झाले. कन्सोल मात्र 'वाय-फाय जोडले आहे, इंटरनेट नाही' एवढेच सांगतो. नव्या ग्राहकांचे बरेचसे फोन आम्हाला याच कारणासाठी येतात. अशा वेळी कन्सोल बिघडलेला नसतो आणि पासवर्डही बहुधा बरोबरच असतो. अडते ते लॉगिनच्या पानापाशी. सामाईक नेटवर्कवर प्रत्येक नव्या उपकरणाला आधी ते पान दाखवले जाते. मोबाईलवर ते आपोआप उघडते. कन्सोलवर कधी उघडते, कधी अर्धवट उघडते, आणि उघडले तरी मुदत संपली की ऐन खेळात परत मागते.

म्हणून कन्सोलसाठी आम्ही हे पानच वगळतो. त्यासाठी तुमच्याकडून फक्त कन्सोलचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवर तो ओळखण्याचा त्याचा स्वतःचा क्रमांक, हवा.

मॅक ॲड्रेस कसा द्याल

कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या किंवा सिस्टिमच्या माहितीत तो सापडतो. दोन-दोनच्या सहा जोड्या, एकूण बारा चिन्हे: ० ते ९ हे आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे. इंग्रजी ओ त्यात कधीच नसतो; गोल दिसले की ते शून्य. बी आणि आठ यांत मात्र हमखास गल्लत होते, तेव्हा हाताने लिहून देऊ नका, टीव्हीच्या पडद्याचा सरळ फोटो पाठवा. वाय-फायचा ॲड्रेस वेगळा आणि वायरचा वेगळा असतो. दोन्ही कळवा, म्हणजे पुढे वायर लावली तरी पुन्हा नोंदणी नको. निन्टेन्डो स्विचच्या पहिल्या मॉडेलच्या डॉकला (टीव्हीला जोडायच्या बैठकीला) लॅन पोर्ट, म्हणजे वायर लावायचे भोक, नाही, तिथे यूएसबी अडॅप्टर लागतो. त्या अडॅप्टरचा स्वतःचा ॲड्रेस असतो, तोही हवा.

वायर की वाय-फाय

भिंतीत सॉकेट असेल तर वायर. यावर आमच्यात दुमत नाही. इमारतीत शेजारी-शेजारी इतकी वाय-फाय असतात की वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावर गर्दी ठरलेलीच. संध्याकाळी लॅग (खेळ उशिरा प्रतिसाद देणे) वाढतो तो बऱ्याचदा त्यामुळे. वायर शक्य नसेल तर ५ गिगाहर्ट्झचे नाव निवडा. २०१३ च्या मूळ पीएस४ ला ते दिसणार नाही, कारण ते मॉडेल फक्त २.४ वर चालते.

नेटवर्कच्या यादीत पासवर्डसोबत युजरनेमही मागणारे नाव दिसले तर ते सोडून द्या. ती पद्धत लॅपटॉप-मोबाईलसाठी ठीक आहे, घरगुती कन्सोलना ती जमत नाही.

'नॅट स्ट्रिक्ट' दाखवतो, म्हणजे काय?

इंटरनेट चालते, गेम डाउनलोड होतो, पण मित्राच्या पार्टीत (ऑनलाइन गप्पांच्या गटात) आवाज पोचत नाही किंवा सामना जुळत नाही, अशी तक्रार असेल तर कारण इथे आहे. इमारतीतील सगळ्या घरांची उपकरणे बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून दिसतात; ही व्यवस्था म्हणजे नॅट. दारावरचा पहारेकरी जसा बोलावलेल्या पाहुण्याला आत सोडतो आणि आगंतुकाला परत पाठवतो, तसे नॅट काम करते: तुम्ही मागवलेले आत येते, न मागता आलेले अडते. वेबसाइट पाहायला एवढे पुरते. ऑनलाइन खेळात मात्र समोरच्याचा कन्सोल आपणहून तुमच्याकडे येऊ पाहतो.

कन्सोलच्या नेटवर्क सेटिंग्जमधल्या चाचणीत नॅटचा प्रकार कळतो. एक्सबॉक्सवर 'ओपन' किंवा 'मॉडरेट' आले तर खेळा; 'स्ट्रिक्ट' आले तर आम्हाला सांगा. प्लेस्टेशनवर 'टाइप २' हाच आपल्याकडचा योग्य निकाल आहे. 'टाइप १' म्हणजे मध्ये राउटर नसलेली थेट जोडणी. ती इथे मिळणार नाही आणि तिच्यामागे लागण्यात अर्थही नाही. 'टाइप ३' आला तर फोन करा. स्विचवर ए किंवा बी असेल तर काळजी नको, डी आला तर बऱ्याच जणांशी जोडणी होत नाही.

एक्सबॉक्सवाल्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. हा कन्सोल नेहमी ३०७४ हा पोर्ट (इथे पोर्ट म्हणजे भोक नव्हे, माहितीच्या ये-जेचे क्रमांक दिलेले दार) वापरू पाहतो. एकाच पत्त्यामागे दोन एक्सबॉक्स असले की तो पोर्ट एकालाच मिळतो आणि दुसरा कुरकुरतो. नेटवर्कच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये पर्यायी पोर्ट निवडण्याची सोय आहे. यादीतला दुसरा कोणताही पोर्ट घ्या आणि चाचणी पुन्हा करा. अनेकदा एवढ्यावर भागते.

स्वतःचा राउटर आणताय?

एकट्या कन्सोलसाठी आणू नका. त्याने नॅटवर आणखी एक नॅट चढते आणि वरची तक्रार वाढते. तुमच्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केले, म्हणजे कन्सोलसाठी असे दार मुद्दाम उघडून दिले, तरी आमच्या बाजूचे दार उघडत नाही. घरात उपकरणे बरीच असतील तर राउटर जरूर लावा, पण नोंदणी त्याच्या मॅक ॲड्रेसची करा आणि शक्य असल्यास तो ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवा, म्हणजे तो स्वतःचे नॅट न लावता फक्त जोडणी पुढे देतो. त्या मोडवर मात्र कन्सोलची नोंदणी वेगळी लागते.

साध्या राउटर मोडमध्ये भिंतीतून आलेली वायर राउटरच्या 'वॅन' लिहिलेल्या भोकातच घाला. ती चुकून 'लॅन'मध्ये गेली तर तुमचा राउटर शेजाऱ्यांच्या उपकरणांना पत्ते वाटू लागतो आणि त्यांचे इंटरनेट बंद पडते. असे दिसले की आम्ही तो सॉकेट लगेच बंद करतो, आणि मग फोन करतो. राग मानू नका, तोवर शेजारी आमच्यावर रागावलेले असतात.

एकाच घरातले दोन कन्सोल एकमेकांना दिसत नसतील तर तो बिघाड नाही. एका घराची उपकरणे दुसऱ्याला दिसू नयेत म्हणून नेटवर्कवर उपकरणांमध्ये आडपडदा ठेवलेला असतो. दोन्हींची नोंदणी एकाच घराच्या नावावर असल्याचे कळवा. तेवढ्यापुरता तो काढून देता येतो.

फोन करताना पडद्यावरचा एरर कोड, वायर होती की वाय-फाय, आणि अडचण साधारण किती वाजता आली, एवढे हाताशी ठेवा.