नाशिकची वाइन परदेशी नेताना: परवाना, बॅग आणि कस्टम्स

परदेशातल्या मुलांकडे किंवा मित्रांकडे जाताना नाशिकच्या वाइनच्या दोन-चार बाटल्या न्याव्यात असं अनेकांना वाटतं. मग पहिला प्रश्न येतो, ‘यासाठी अर्ज कुठे करायचा?’ असा एकच अर्ज नसतो. आपलं राज्य, विमान आणि ज्या देशात उतरणार तो देश, तिघांचे नियम वेगवेगळे. किती बाटल्या न्यायच्या हे मुख्यतः उतरण्याचा देश ठरवतो, म्हणून तिथले नियम आधी वाचावेत आणि खरेदी त्यानंतर करावी. बहुतेकजण नेमकं उलट करतात.

सुरुवात घरापासून. महाराष्ट्रात वाइन घेण्यासाठी वय 21 पूर्ण लागतं (कडक दारूसाठी 25), आणि दारूबंदी कायद्यानुसार मद्य विकत घ्यायला व बाळगायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन असा तो मिळतो. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा व फोटो तयार ठेवा. दुकानात परवाना क्वचितच विचारतात हे खरं, पण बॅगेत सहा बाटल्या घेऊन निघणाऱ्याने तो काढून ठेवावा. वाइनरीतून घ्या किंवा दुकानातून, छापील बिल मागून घ्या. निघण्याच्या आदल्या दिवशी ‘ड्राय डे’ तर नाही ना, तेही बघा.

गोव्यात घेतलेल्या बाटल्यांचं प्रकरण वेगळं. तिथून थेट परदेशी विमान असेल तर महाराष्ट्राचा संबंध येत नाही. पण गाडीने मुंबईला येऊन विमान पकडणार असाल, तर गोव्याची बाटली वाहतूक परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर ‘उद्या लंडनला चाललोय’ हे कारण चालत नाही. गुजरातमार्गे रस्त्याने जाणाऱ्यांनी तर बाटली सोबत घेऊच नये.

विमानाचा नियम त्यामानाने सोपा. 24 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयांवर धोकादायक मालाची मर्यादा लागू होत नाही, आणि साधी वाइन साधारण 12 ते 15 टक्क्यांची असते. (24 ते 70 टक्क्यांच्या दारूला माणशी 5 लिटरची मर्यादा आहे.) अडतं ते वजनात. 750 मिलीची भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते, स्पार्कलिंगची (फेसाळ वाइनची) काच जाड असल्याने ती दीड किलोवर जाते. बाटल्या चेक-इन बॅगेतच ठेवा. हँड बॅगेजमध्ये 100 मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली सहसा सुरक्षा तपासणीत अडते. ड्यूटी फ्रीमधून घेतलेली बाटली सीलबंद पारदर्शक पिशवीत, पावतीसकट, शेवटच्या विमानतळापर्यंत तशीच राहू द्या. वाटेत विमान बदलताना पिशवी फाडलेली दिसली तर बाटली तिथेच राहते.

आता उतरण्याचा देश. ब्रिटन याबाबतीत उदार: 17 वर्षं पूर्ण असलेल्या प्रवाशाला 18 लिटर साधी वाइन करमुक्त नेता येते, म्हणजे 24 बाटल्या. वजनामुळे तेवढ्या नेणं कठीणच. स्पार्कलिंग मात्र या 18 लिटरांत मोजत नाहीत. तिची मर्यादा 9 लिटर, तीही कडक दारूच्या वाट्यातून. मर्यादा ओलांडली तर फक्त जादा बाटल्यांवर नाही, त्या प्रकारातल्या सगळ्या बाटल्यांवर कर लागतो. तो पोहोचण्याच्या पाच दिवस आधीपासून ऑनलाइन जाहीर करता येतो, नाहीतर विमानतळावर रेड चॅनेलला, म्हणजे सामान जाहीर करण्याच्या कस्टम्स रांगेत, सांगायचं. वाइन स्वतःसाठी किंवा भेट म्हणून असावी. कोणाकडून पैसे घेऊन नेऊ नका.

युरोपीय संघात साध्या वाइनची मर्यादा 4 लिटर, ऑस्ट्रेलियात एकूण मद्य 2.25 लिटर, न्यूझीलंडमध्ये साडेचार लिटर वाइन. कॅनडात दीड लिटर, म्हणजे बरोबर दोन बाटल्या. अमेरिकेत वय 21 हवं आणि एक लिटर करमुक्त. त्यापुढच्या बाटल्या जाहीर करून कर भरायचा, शिवाय त्या राज्याचा नियम वेगळा. सिंगापूरची सवलत दोन लिटरांची, पण तुम्ही किमान 48 तास सिंगापूरबाहेर असायला हवं आणि मलेशियातून येत नसायला हवं. क्वालालंपूर करून सिंगापूरला जाणाऱ्या टूरवाल्यांना हे फार कमी वेळा सांगितलं जातं.

कुवेत, सौदी आणि शारजाला वाइन नेऊ नका. मालदीवमध्येही बाटली आत नेता येत नाही. कस्टम्स ती ठेवून घेऊन परतताना देतात.

येताना भारताचा नियम: माणशी दोन लिटर मद्य करमुक्त. 750 मिलीच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी घेतली की सव्वादोन लिटर होतात. नवरा-बायकोच्या मर्यादा एकत्र करता येत नाहीत, त्यामुळे चार बाटल्या असतील तर दोन-दोन प्रत्येकाच्या सामानात हव्यात. जास्त असतील तर भारतीय कस्टम्सच्या ‘अतिथी’ ॲपवर किंवा विमानतळावरच्या फॉर्मवर जाहीर करून रेड चॅनेलला जा. कर बराच बसतो, तेव्हा स्वस्त वाइन जादा आणण्यात काही अर्थ नाही. बिल इथेही जवळ ठेवा. ते नसेल तर किंमत अधिकारी ठरवतो.