दुसऱ्याच्या वॉलेटचा गॅस: ही सोय आली कुठून?

एखाद्याच्या क्रिप्टो वॉलेटमध्ये पन्नास यूएसडीसी, म्हणजे डॉलरच्या किमतीला बांधलेली टोकनं, आहेत. पैसे त्याचे, चावी त्याच्याच हातात. तरीही ते कुणाला पाठवायला गेला की व्यवहार अडतो, कारण त्या खात्यात इथर, म्हणजे इथेरियम या ब्लॉकचेनचं स्वतःचं चलन, शून्य. इथेरियमवर टोकन कुठलंही असो, व्यवहाराचं शुल्क, म्हणजे ‘गॅस’, इथरमध्येच भरायचं. मग एक्स्चेंजवर खातं उघडा, केवायसी करा, थोडं इथर घ्या, ते इकडे वळवा आणि मगच आपलेच पन्नास पाठवा. नवखी माणसं इथेच हात टेकतात, आणि मला त्यात त्यांची काहीही चूक दिसत नाही. हा गॅस दुसऱ्या कुणी भरला तर अडचण सुटते; ती सोय कशी घडत गेली, त्याची ही गोष्ट.

इथेरियम ३० जुलै २०१५ रोजी सुरू झालं तेव्हा गॅस ठेवण्यामागे रास्त कारण होतं. नेटवर्कवरचे सगळे संगणक प्रत्येक व्यवहार चालवून बघतात. त्याला किंमत नसेल तर कुणीही न संपणारा प्रोग्रॅम सोडून सगळ्यांना वेठीस धरेल. साधं इथर पाठवायला २१,००० युनिट गॅस लागतो, टोकन पाठवायला त्याहून जास्त. पण या नियमात एक गृहीतक दडलं होतं: सही करणारा आणि पैसे भरणारा एकच. टपालात असं कधीच नव्हतं. कंपन्यांच्या जवाबी लिफाफ्यावर ‘तिकिटाची गरज नाही’ असं छापलेलं असायचं. पत्र आपलं, खर्च त्यांचा.

२०१७ मध्ये इथेरियमचे सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिन यांच्या ईआयपी-८६ (ईआयपी म्हणजे इथेरियममध्ये सुधारणा सुचवणारा क्रमांकित प्रस्ताव) या प्रस्तावाने हे गृहीतक सोडवायचा प्रयत्न केला, पण तो बारगळला. मूळ नियम बदलत नाहीत म्हटल्यावर लोकांनी बाहेरून वाट काढली. नुसत्या संदेशावर सही करायला काहीच खर्च येत नाही. वापरकर्त्याने ‘मला हे करायचं आहे’ असं लिहून सही करायची; रिलेयर, म्हणजे मधला पोचवणारा, तो संदेश आपल्या व्यवहारात गुंडाळून पाठवणार आणि गॅस भरणार. यालाच मेटा-ट्रान्झॅक्शन म्हणू लागले. २०१८ मधल्या ईआयपी-१६१३ ने त्यासाठी ‘गॅस स्टेशन नेटवर्क’ मांडलं.

अडचण निघाली ती ओळखीची. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला, पाठवणारा म्हणून रिलेयरच दिसतो, खरा माणूस मागे राहतो. २०२० च्या ईआरसी-२७७१ ने (ईआरसी म्हणजे टोकन-कॉन्ट्रॅक्टसारख्या गोष्टींसाठीचं सामाईक मानक) यावर साधा तोडगा काढला: ‘फॉरवर्डर’ नावाच्या विश्वासू मधल्या कॉन्ट्रॅक्टने सही तपासायची आणि खऱ्या माणसाचा पत्ता डेटाच्या शेवटी २० बाइटांत जोडायचा. साधेपणाच नडला. डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालं, की ही पद्धत आणि अनेक कॉल एकत्र करणारं मल्टिकॉल एकाच कॉन्ट्रॅक्टमध्ये आले, तर शेवटचे ते २० बाइट हल्लेखोराला हवे तसे घालता येतात. म्हणजे दुसऱ्याच्या नावावर व्यवहार. काही टोकनांना त्याचा फटका बसलाही. दुसऱ्याच्या वतीने पैसे भरायचे तर ‘दुसरा’ कोण, याची खात्री पैशांहून आधी करावी लागते.

याच काळात टोकनांनीही आपल्यापुरती सोय केली. ऑगस्ट २०२० मध्ये यूएसडीसीची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात मालकाने फक्त सही द्यायची आणि गॅस भरून ती सादर दुसऱ्या कुणीही करायची, अशी तरतूद होती. स्टेलर या दुसऱ्या ब्लॉकचेनने जून २०२० मध्ये ‘फी-बम्प’ व्यवहार आणला; त्यात एकाने सही केलेल्या व्यवहाराचं शुल्क दुसरा भरू शकतो. सोलाना या ब्लॉकचेनवरही शुल्क भरणारा वेगळा ठेवता येतो; पहिली सही ज्याची, तो ते भरतो.

स्वस्ताईचाही यात मोठा वाटा आहे. मुंबईत २०१७ मध्ये मॅटिक नावाने सुरू झालेल्या पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर शुल्क इतकं किरकोळ होतं, की संस्थांना ते स्वतः सोसणं परवडू लागलं. २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत जातीचे दाखले पॉलिगॉनवर नोंदवण्याचा उपक्रम जाहीर झाला. दाखला घेणाऱ्या आदिवासी कुटुंबाने आधी क्रिप्टो विकत घ्यावं, अशी अपेक्षा करणंसुद्धा अन्यायाचं ठरलं असतं. अशा ठिकाणी नोंद करणाऱ्यानेच शुल्क भरणं हा एकमेव मार्ग आहे.

२०२१ मध्ये या सोयीचा एक वेगळाच उपयोग पुढे आला. चावी चोरीला गेली की त्या खात्यावर बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, डोळा ठेवून बसतात. गॅससाठी इथर टाकलं की ते क्षणात लंपास होतं आणि अडकलेली टोकनं काढताच येत नाहीत. व्यवहार गुपचूप थेट ब्लॉक बनवणाऱ्यांकडे पोचवणाऱ्या फ्लॅशबॉट्स या सेवेच्या मदतीने इथर टाकणं आणि टोकन हलवणं हे दोन्ही एकाच ब्लॉकमध्ये, एकापाठोपाठ बसवता येऊ लागलं. गॅस भरणारा दुसरा, सुटका मालकाची.

मूळ नियमांना हात न लावता पूर्ण व्यवस्था उभारली ती ईआरसी-४३३७ ने. प्रस्ताव सप्टेंबर २०२१ चा, प्रत्यक्ष सुरुवात मार्च २०२३ ची. यात ‘पेमास्टर’ नावाचं कॉन्ट्रॅक्ट आगाऊ इथर ठेवतं आणि आपल्या अटीत बसणाऱ्यांचा गॅस भरतं. व्यवहार गोळा करून पाठवणारे बंडलर कुणीही होऊ शकतात. मला यातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते: एकाच रिलेयरवर भिस्त असेल, तर तो नाही म्हणाला की दार बंद.

कमतरता एकच राहिली होती. त्यासाठी नवं स्मार्ट खातं (कॉन्ट्रॅक्टवर चालणारं खातं), म्हणजे नवा पत्ता लागायचा. ७ मे २०२५ च्या इथेरियमच्या पेक्ट्रा अपग्रेडमधल्या ईआयपी-७७०२ ने तीही दूर केली. पन्नास यूएसडीसीवाला आपल्या जुन्याच पत्त्यावरून, त्याच्या वॉलेटने सोय दिली असेल तर, एका अधिकारपत्रावर सही करतो, आणि ते खातं स्मार्ट खात्यासारखं वागू लागतं. व्यवहार दुसरा कुणी पाठवतो आणि गॅस तोच भरतो, किंवा पेमास्टर त्या पन्नासातूनच आपला खर्च कापून घेतो.